शिडी पोचेल तिथपर्यंत

दादा,

त्या सकाळी मी गोराईच्या बोटीच्या रांगेत उभी होते तेव्हा तू गेलेला होतास. मला ते ठाऊक नव्हतं. तू ज्यांच्याकडे राहत होतास त्या पास्कलभाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाय, निघून ये. वसंताला बरं नाही." माझ्यापुढे दोन मोटरसायकली होत्या, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, आणि मी तुझ्याशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पाच महिने आपण बोललो नव्हतो. एक फोन सोडला तर. पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलं होतं, "झालं का तुझं रागावून?" म्हणजे माफी मागायची वेळच येऊ नये. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि मला माझीच लाज वाटली. ठरवलं, आधी "चुकलं माझं" म्हणायचं, मग बाकीचं.

पलीकडे उतरले तर पास्कलभाऊ जेट्टीवर उभे होते. टोपी हातात धरून. ऐंशी उलटलेला माणूस एवढ्या उन्हात टोपी काढून उभा असला की विचारायचं काही उरत नाही.

ते वाक्य तसंच राहिलं बघ. आज चाळीस दिवस झाले.

तुझ्यामागे तुझं माझ्याखेरीज कुणी नाही. वहिनी सहा वर्षांपूर्वी गेली, तुम्हाला मूलबाळ नव्हतं, आणि मी तर लग्नच केलं नाही. लोक भेटायला आले ते मला विचारत होते, "शेवटी त्रास झाला का त्यांना?" मला काय माहीत? मी तिथे नव्हते. तुझी बहीण म्हणून खुर्चीवर बसून मी पास्कलभाऊंकडे बघायचे, आणि ते सांगायचे, "नाय, चहा मागितला. चहा येईपर्यंत गेला."

बाकीच्यांना तू रिटायर झालेला फायरमन. मला तू पहिल्यांदा आठवतोस तो हाताच्या वासासकट. लालबागच्या चाळीत आपली एक खोली, तू नुकता बंबावर लागलेला, मी सात-आठ वर्षांची. तुझ्या हातांना अळशीच्या तेलाचा वास यायचा. लाकडी शिडीला तेल चोळायचं काम नव्या माणसांचं असतं, असं तू सांगितलंस. दसऱ्याला तू मला बंबखान्यात घेऊन गेलास. लाल बंबाला झेंडूच्या माळा, पितळेचे नळ चकचकीत, आणि मागे दोन मोठ्या चाकांवर ठेवलेली ती शिडी, तिलाही हळदकुंकू. मी विचारलं, "दादा, ही किती वर जाते?" तू म्हणालास, "माणसं राहतात तिथपर्यंत." तेव्हा ते खरंच होतं. आपल्या ओळखीचं कुणीच चौथ्या मजल्याच्या वर राहत नव्हतं.

बाबा ट्रामवर कंडक्टर. त्यांच्या खाकी कोटाच्या खिशात तिकिटांचे तुकडे सापडायचे, ते मी जमवायचे. जेवताना बाप-लेकाची रोज जुंपायची. रस्त्याच्या मधोमध ट्रामची तार, तिच्यात करंट, त्यामुळे तुझ्या स्टेशनातली मोठी लोखंडी शिडी ट्रामच्या रस्त्यात सहज उभी करता यायची नाही. बाबांना ते फार आवडायचं. "वसंता, आमची तार आसा थंयसर तुझी शिडी आडवीच रवतली," असं मालवणीत म्हणून ते भाताचा घास घ्यायचे. तू म्हणायचास, "काढून टाकणार आहेत तुमची ट्राम, बाबा. सगळे बसने जाणार." मग बाबा खरंच रागवायचे. आई म्हणायची, गप जेवा दोघं. मला ती भांडणं गोष्ट ऐकावी तशी आवडायची.

एके दिवशी ती थांबली. तुम्ही दोघं एका वेळी जेवायला बसलात आणि कुणीच तारेचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने बाबांचा कोट दोनदा भिजत घातला होता, त्याला धुराचा वास होता. मी विचारलं तर म्हणाली, "ट्रामीत लोक बिडये ओढतत." त्यानंतर कधीच तुम्ही दोघं तारेवरून, शिडीवरून बोलला नाहीत. ट्राम बंद झाली त्या दिवशी सगळी चाळ शेवटची गाडी बघायला गेली. तू घरी बसून राहिलास. बाबा पुढे बसवर गेले आणि निमूटपणे रिटायर झाले. मी तेव्हा लहान होते म्हणून विचारलं नाही. मोठी झाल्यावरही विचारलं नाही.

तुझ्याविषयी मी कुणाला सांगायला बसले तर त्या लग्नाच्या गोष्टीपासून सुरुवात करीन. मी टेलिफोन ऑपरेटर झाले, स्थळं यायला लागली, आणि मी सगळ्यांना नाही म्हणत गेले. मामा, मावश्या, चाळीतल्या बायका, सगळे तुझ्याकडे आले. "तू थोरला आहेस, तू सांग तिला." तू दाढी करत होतास. आरशातून बघतच म्हणालास, "तिला नको तर नको. माझ्या घरात तिची खाट आहे." तुझं स्वतःचं लग्न व्हायचं होतं आणि घर म्हणजे ती एक खोली. पण त्यानंतर मला कुणी छळलं नाही. पुढे तू बोरिवलीला तळमजल्याची जागा घेतलीस तेव्हा कागदावर दोघांची नावं घातलीस. वहिनीला विचारून घातलीस, हेही मला वहिनीनेच सांगितलं. याबद्दल मी तुला कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही रे. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

त्या तळमजल्यावर आपण चाळीस वर्षं काढली. तू रिटायर झालास पण बंबावरून उतरला नाहीस. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलास की आधी दरवाजे मोजायचास. शेजारच्या पाटणकरांनी जिन्यात सायकल ठेवली तर तू ती उचलून त्यांच्या दारात ठेवायचास, आणि ते पुन्हा जिन्यात ठेवायचे. वहिनी गेल्यावर तू आणि मी, दोघंच. सकाळी तू चहा करायचास, संध्याकाळी मी. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा, एवढा अंधार त्या घरात. खिडकीतून काय दिसायचं, तर समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावरचा ड्रेनेजचा पाइप.

मग रिडेव्हलपमेंट आली. बिल्डरने जुन्या सभासदांना मजला निवडायला सांगितलं. मला पंधरावा हवा होता. तू म्हणालास दुसरा.

"दुसऱ्यावर काय दिसणार, दादा?"

"दिसायला कशाला हवं? राहायचंय."

"पंधराव्यावरून नॅशनल पार्कचा सगळा डोंगर दिसतो. माझी सगळी जिंदगी त्या पाइपकडे बघण्यात गेली."

"आणि आग लागली तर?"

"लिफ्ट असते, जिने असतात, स्प्रिंकलर का काय ते असतात. तुझी लाकडी शिडी गेली आता. जमाना बदलला."

"जिन्यात धूर भरतो, कुसू. माका शिकव नको."

तीन आठवडे हेच चाललं. सोसायटीचा सेक्रेटरी रोज विचारायचा, काका-काकी, ठरलं का? फॉर्मवर दोघांच्या सह्या लागत होत्या. घर रिकामं करायची तारीख जवळ आली, सामानाची खोकी दारात रचलेली, आणि त्या खोक्यांच्या मध्ये उभं राहून मी तुला म्हणाले, "तू घाबरतोस. जन्मभर फायरमन म्हणून मिरवलास आणि मुळात तू घाबरट आहेस."

तुझ्या हातात सुतळी होती, ती तू खोक्याला बांधत होतास. गाठ नीट मारलीस, वरून ओढून बघितलीस, आणि आत गेलास. दुसऱ्या दिवशी पास्कलभाऊंकडे गोराईला निघून गेलास. तुमची बंबावरची जुनी जोडी. त्यांचं घर बैठं, एकही पायरी नाही. मी दहिसरला भाड्याच्या खोलीत गेले. मला वाटलं, आठ दिवसांत येईल. आठ दिवसांनी वाटलं, आता का म्हणून मी फोन करू?

मग गणपतीत तुझा फोन आला.

"कुसू, गॅस मेन बंद करतेस ना?"

"करते."

"बरं."

तेवढंच. मला वाटलं होतं तू आणखी काही बोलशील, आणि तुला कदाचित वाटलं असेल मी बोलेन. फोनवर बोलण्याचीच नोकरी मी तीस वर्षं केली. कुठूनही कुठे लाइन जोडून दिली लोकांना.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी तुझे कपडे आणायला परत गोराईला गेले. पास्कलभाऊंनी मला ओट्यावर बसवलं. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. मी त्यांना सांगून टाकलं, मी तुला काय म्हणाले होते ते. म्हटलं, "त्या शब्दाने घर सोडलं त्यांनी."

पास्कलभाऊ म्हणाले, "मला बोलला तो. आला त्याच दिवशी बोलला. म्हणे, पास्कू, बहिणीला कळलं शेवटी."

"काय कळलं?"

"तो घाबरतो ते." मग ते माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुला गिरगावच्या आगीचं कधी सांगितलं नाय त्याने?"

मी नाही म्हणून मान हलवली.

दादा, त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहिते. तुझी हरकत असती तर तू त्यांना सांगू नको म्हणाला असतास.

गिरगावच्या बाजूला एका चार मजली इमारतीला आग लागली. रस्त्यात ट्रामी ओळीने उभ्या राहिल्या होत्या. वर तार, तारेत करंट. करंट बंद केल्याचा निरोप येईपर्यंत मोठी शिडी उभी करायची नाही, हा नियम, आणि नियम बरोबरच होता, नाहीतर शिडीवरची माणसंच गेली असती. तेवढ्या वेळात तुम्ही लाकडी शिडी हाताने ढकलत फुटपाथवर नेलीत आणि तार चुकवून भिंतीला लावलीत. ती चौथ्या मजल्याच्या गॅलरीला हातभर कमी पडली. गॅलरीत एक बाई होती, कडेवर मुलगी. खाली पास्कलभाऊ आणि बाकीचे ताडपत्री ताणून धरून होते, आणि ती बाई उडी मारायच्या बेतात होती. तू शेवटच्या पायरीवर उभा राहून दोन्ही हात वर केलेस. तिने मुलगी तुझ्या हातात सोडली. तू तिला म्हणालास, "थांबा, उडी मारू नका. मी आलोच."

"तो खाली आला," पास्कलभाऊ म्हणाले, "पोर कुणाच्या तरी हातात द्यायचं, तर समोर खाकी कोटातला माणूस. तुझा बाप. त्याचीच ट्राम पुढे उभी होती. बाप म्हणाला, मी धरतंय हिका, तू जा. वसंता परत वर गेला. तोवर गॅलरीत नुसता धूर. बाई नव्हती. आणि मग करंट बंद झाल्याचा निरोप आला."

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"कुणाची चूक नव्हती, बाय. साहेबांनी तसंच लिहिलं. पण वसंता मला काय म्हणायचा माहितेय? ती उडी मारणार होती. मी थांब म्हणालो म्हणून ती थांबली."

मग एक गोष्ट लक्षात आली. तू "आलोच" असं कधी म्हणत नव्हतास. दुकानात जाताना, कोपऱ्यावर पेपर आणायला जाताना, वहिनी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा चहा प्यायला जातानाही तू म्हणायचास, "मला दहा मिनिटं लागतील." वहिनी हसायची, म्हणायची, किती हिशेबी माणूस आहे हा. इतकी वर्षं आम्ही त्याला तुझा स्वभाव समजलो.

मी पास्कलभाऊंना विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्यांना? घाबरतो म्हणाले तेव्हा?"

"काय म्हणणार? म्हटलं, गप ए. सगळेच घाबरत होतो आपण. घाबरत घाबरत चढायचो. न घाबरणारा मी एक बघितला, तो पैल्याच वर्षी पडला."

मग ते आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. सोसायटीचा मजला निवडायचा फॉर्म. सेक्रेटरीने तुला पोस्टाने पाठवला होता. त्यावर तुझी सही होती, तुझी ती वळणदार, शाळेत गिरवल्यासारखी. मजल्याचा रकाना रिकामा.

"म्हणाला, मजला कुसू भरेल. तिला दे. मी म्हटलं, तूच जाऊन दे की. म्हणाला, जातो, रविवारी जातो."

तू गेलास तो शुक्रवार होता.

फॉर्म मी दहिसरला आणला आणि आठवडाभर टेबलावर ठेवला. खूप राग आला तुझा. दोन लिहून ठेवला असतास तर मी फॉर्म तसाच पाठवला असता आणि वर्षभर रडले असते. रिकामा ठेवलास, आणि सगळं माझ्यावर टाकलंस. एकदा पेन घेऊन मी दोनचा आकडा काढायलाच बसले होते. तुझ्या आठवणीसाठी, त्या बाईसाठी. पण मला तुझा आवाज ऐकू आला, "जिवंत होतो तेव्हा ऐकलं नाहीस, आता कुणाला दाखवतेस?" आणि ते बरोबरच होतं. तू गेलास म्हणून तुझं पटलं असं म्हणणं हा खोटेपणा झाला असता. आपण दोघांनी एकमेकांचा पुष्कळ छळ केला, पण खोटं वागलो नाही. मला अजूनही डोंगर बघायचाय, दादा. मी पंधरा लिहिलं. खाली माझी सही केली, तुझ्या सहीच्या बाजूला.

काल तो फॉर्म घेऊन मी साइटवरच्या ऑफिसात गेले. आपली बिल्डिंग ओळखू येत नाही आता. जिथे आपलं स्वयंपाकघर होतं तिथे सिमेंटच्या गोण्या आहेत. ऑफिसात तिशीतली एक मुलगी होती, कामाला चोख. तिने फॉर्म बघितला, दोन्ही सह्या बघितल्या, म्हणाली, "काकी, काकांचं पण आधारकार्ड लागेल."

मी सांगितलं.

ती उभीच राहिली एकदम. "सॉरी काकी. बसा ना. पाणी घ्या." मग बिचारी अवघडून म्हणाली, "पण मग हा फॉर्म चालणार नाही. नवा भरावा लागेल, तुमच्या एकटीच्या सहीचा. डेथ सर्टिफिकेट आणि नॉमिनीचे पेपर नंतर दिले तरी चालतील. तुम्ही बसा, मी भरते. जुन्यावरून बघून भरते, तुम्ही फक्त सही करा."

मी बसले. ती एकेक रकाना मोठ्याने वाचत भरत होती. नाव. जुना फ्लॅट नंबर. मजला पंधरा. म्हणाली, "छान निवडलात, त्या बाजूला हवा झकास येते." मी हो म्हटलं. मग तिने तुझा फॉर्म उलटा केला.

मागे काही लिहिलेलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आठवडाभर मी सही आणि रिकामा रकाना, एवढंच बघत बसले होते. माझ्यासाठी तू मजला तेवढा सोडला होतास. मागची बाजू तू पूर्ण भरली होतीस.

ती वाचायला लागली. "फ्लॅटमध्ये राहणाऱ्या व्यक्ती..." आणि थांबली. कागद माझ्याकडे वळवला. तुझं अक्षर होतं. "दोन. मी आणि बहीण."

मजला कोणता ते तू लिहिलं नव्हतंस. मी पंधराच लिहिणार हे मात्र तुला माहीत होतं, मला ओळखत होतास तू.

त्या मुलीने पेन उचललं. मग हळूच विचारलं, "काकी, इथे आता एक लिहू ना?"

मी म्हटलं, "हो. एक लिही."